पंचेचाळीसचा माणूस

डाउन सिंड्रोमचं बाळ ओळखायला सहसा प्रयोगशाळा लागत नाही. बाळ पुसून हातात घेतलं की अंग सैल लागतं, डोळ्यांच्या फटी बाहेरच्या बाजूला वर चढलेल्या असतात, मानेमागची कातडी जास्तीची असते, तळहातावर बऱ्याचदा एकच आडवी रेघ. आमच्या अनुभवी सिस्टर अशा वेळी काही न बोलता माझ्याकडे नुसतं बघतात. बालरोगतज्ज्ञ येतात, बाळाच्या हृदयाचा एको होतो, कारण अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात काहीतरी दोष असतो. आणि एकदोन दिवसांनी मी घरच्यांना सांगते, बाळाचं रक्त गुणसूत्रांच्या तपासणीसाठी हैदराबादला नाहीतर पुण्याला पाठवू या. इथे गाडी अडते. ''रोगाचं नाव कळलं ना म्याडम? मग आता आणखी पैसे कामून घालायचे? त्यानं लेकरू बरं होणार हाय का?''

नाही होणार. प्रश्न अगदी चोख आहे आणि परभणीत मला तो दर वेळी ऐकू येतो. माझं उत्तर असं, की ही तपासणी या लेकराची असली तरी तिचा उपयोग पुढच्या लेकराला आहे. शिवाय या बाळाच्या आत्याला किंवा मावशीला, जी इथे हजरच नाही. हे उत्तर पटवायला वेळ लागतो, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

गुणसूत्रं हा शब्द माझ्या कानावर वैद्यकीय कॉलेजात जायच्या आधीच पडला होता. माझे वडील इथल्या कृषी विद्यापीठात कापूस पैदासकार होते. विद्यापीठ १९७२ चं, पण परभणीतलं कापूस संशोधन त्याहून जुनं, निजामाच्या राजवटीतल्या महेबूब बागेपासूनचं. देशी कपाशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीत ५२, म्हणून दोन्हींचा संकर सरळ लागत नाही, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं. अर्धापूरच्या केळ्यात बी का नसते? कारण त्या झाडात प्रत्येक गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं, अकराचे तीन संच, एकूण ३३. तिनाची जोडी लागत नाही, म्हणून बी धरत नाही. वनस्पतींना हा जादा पसारा पेलतो, कधी कधी मानवतोसुद्धा. माणसाला एकही जास्तीचं गुणसूत्र सहज पेलत नाही.

माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे जगाला नीट कळलं तेही वनस्पतींच्या माणसामुळे, ही माझी आवडती गोष्ट. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता आणि मोजणाऱ्यांना ४८ च दिसत होती. जावात जन्मलेला, बटाट्याच्या पैदाशीपासून सुरुवात केलेला जो हिन चिओ १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंड इथे अल्बर्ट लेवान यांच्या प्रयोगशाळेत बसला होता. त्याने माणसाच्या पेशी नीट पसरवून मोजल्या तर ४६ भरली. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमधल्या जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पें यांनी दाखवलं की डाउन सिंड्रोमच्या मुलांत ४७ असतात. पेशी वाढवायचं मेहनतीचं काम गोतिए यांनी केलं होतं, नाव मात्र बराच काळ लेजून यांचंच गाजलं. इंग्लंडच्या लँग्डन डाउन यांनी या मुलांचं वर्णन १८६६ मध्येच करून ठेवलं होतं, पण मधली त्र्याण्णव वर्षं आईच्या दारूपासून आईच्या भीतीपर्यंत कशालाही कारण ठरवण्यात गेली. आमच्याकडे ती वर्षं अजून पुरती संपलेली नाहीत.

जास्तीचं असतं ते २१ नंबरचं. लिंगाची जोडी सोडली तर सगळ्यांत लहान गुणसूत्र हेच, त्यावर जनुकंही कमी. म्हणून तर हे बाळ जन्माला येऊ शकतं. १३ किंवा १८ नंबरचं जास्तीचं असेल तर जन्मलेलं बाळ बहुधा वर्षही काढत नाही. बाकीच्या बहुतेक चुका तिसऱ्या महिन्याच्या आतच पोटातून जातात. सुरुवातीच्या दिवसांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड सापडते. ''जड उचललं म्हणून पोट पडलं'' असं जिच्याबद्दल बोललं जातं, तिच्या हंड्याचा त्यात बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

आता रक्ताकडे येऊ. हिरव्या झाकणाच्या नळीत, हेपारिन घातलेलं, दोन मिली रक्त. बाकीच्या तपासण्यांना रक्त मेलेलं चालतं, याला जिवंत लागतं. गोठवायचं नाही आणि तापूही द्यायचं नाही. परभणीच्या मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, कुरिअरवाल्याच्या गाडीत दुपारभर पडलेल्या नळीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि 'पुन्हा नमुना पाठवा' असा निरोप येतो. म्हणून मी उन्हाळ्यात नळी रात्रीच्या गाडीनेच पाठवते. हैदराबादकडे जायची परभणीकरांना सवय जुनी आहे, निजामाच्या काळापासूनची. उस्मानिया विद्यापीठाचं बेगमपेठेतलं आनुवंशिक रोगांचं रुग्णालयही आमच्याकडच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं.

प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायला ठेवतात. त्या आपणहून विभागत नाहीत. त्यांना जागं करणारं द्रव्य राजम्यातून काढलेलं असतं. शरीराच्या तापमानाला सुमारे ७२ तास ठेवल्यावर त्यांत कोल्चिसिनच्या जातीचं औषध घालतात, म्हणजे विभागणारी पेशी ऐन मधल्या टप्प्यावर थांबते, आणि याच टप्प्यावर गुणसूत्रं सुटी आणि ठसठशीत दिसतात. कोल्चिसिन आपल्या कळलावीतही आहे, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलते ती. पूर्वीच्या सुइणी कळा याव्यात म्हणून तिचं मूळ उगाळून लावायच्या, आणि ते पोटात गेलं तर जीव जायचा. माझ्या वडिलांच्या कपाटात कोल्चिसिनची बाटली होती, रोपाची गुणसूत्रं दुप्पट करायला. पुढे पेशी फुगवून काचेवर टाकतात, रंगवतात, पट्टे उमटतात, आणि माणूस डोळे ताणून जोड्या लावत बसतो. आता संगणक मदत करतो, पण शेवटचा शब्द बसलेल्या माणसाचाच.

डाउन सिंड्रोमच्या शंभर मुलांत सुमारे ९५ जणांचा अहवाल '४७' असा येतो, २१ नंबरची तीन सुटी गुणसूत्रं. हा अपघात आहे, बहुतेक वेळा आईचं बीज तयार होताना घडलेला. आईचं वय वाढतं तसा तो वाढतो: पंचविशीत साधारण साडेबाराशे बाळंतपणांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. तरीही आमच्याकडे अशी बहुतेक बाळं विशी-बाविशीतल्या मुलींनाच होतात, कारण आमच्याकडे बाळंतपणं होतात तीच त्या वयात. पुढच्या खेपेला पुन्हा असं व्हायची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. हे ऐकून बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात.

शंभरात एखाद्या लेकराच्या काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या निघतात. उरले तीन-चार. त्यांच्यासाठी तर मी हे रक्त पाठवते. चेहरा तोच, तळहाताची रेघ तीच, बाहेरून काडीचा फरक नाही. पण मोजणी ४६ भरते, कारण तिसरं २१ सुटं नसून दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ नंबरच्या, चिकटलेलं असतं. काही वेळा हे चिकटणं त्या बाळातच नव्याने झालेलं असतं. काही वेळा ते आईकडून किंवा बापाकडून आलेलं असतं. म्हणून मग दोघांचं रक्त.

मानवत तालुक्यातलं एक जोडपं होतं. तिचं वय बावीस, पहिलं बाळंतपण. सासूचं म्हणणं, सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि ही विळीवर बसली. (ग्रहणाचा दोष बाप्याला लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.) शिकलेली माणसं ग्रहणाचं नाव घेत नाहीत, ती नात्यातल्या लग्नाचं घेतात. मामाची मुलगी करण्याची चाल आमच्याकडे आहे, आणि थॅलेसेमियासारखे आजार, जिथे दोन्हीकडून तोच दोष यावा लागतो, त्यांचा धोका तिने वाढतो हे खरं. पण गुणसूत्राची मोजणी चुकण्याशी तिचा संबंध नाही. या दोघांचं तर नातंही नव्हतं. बाळाचा अहवाल चिकटलेल्या गुणसूत्राचा आला. दोघांची रक्तं गेली. तिची ४६, सगळी जागच्या जागी. त्याची ४५.

तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, ''म्हंजे म्याडम, मी एकानं कमी हाय?'' कमी नव्हता. त्याचं एक २१ आणि एक १४ एकमेकांना जोडलं गेलं होतं, दोन वह्या एकाच पुठ्ठ्यात बांधाव्यात तसं. पानं सगळी होती, वह्यांची मोजणी तेवढी एकाने घटली होती. त्यामुळे तो धडधाकट. कापूस-सोयाबीन करायचा, ट्रॅक्टर चालवायचा, बारावी झालेला. अडचण फक्त बीज तयार होताना येते: जोडलेलं गुणसूत्र आणि सुटं २१ दोन्ही एकाच पेशीत गेली, की बाळात २१ तीनदा येतं. दुसऱ्या तऱ्हेने चुकलं तर गर्भ टिकत नाही, लवकर पडतो. आणि चांगलं जुळलं तर बाळ पूर्ण नॉर्मल, किंवा बापासारखंच ४५ चं आणि ठणठणीत.

याच्यात एक विचित्र गोष्ट आहे. हेच १४-२१ चं जोडलेलं गुणसूत्र बापात असेल तर डाउनचं बाळ होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास. आईत असेल तर शंभरात दहा ते पंधरा. म्हणजे या गृहस्थाच्या पुढच्या लेकरापेक्षा त्याच्या बहिणीच्या लेकराची काळजी जास्त. बहिणीकडेही ते असण्याची शक्यता बरीच होती. बहीण होती, जिंतूरकडे दिलेली. दोनदा पोट पडलेलं. मी म्हटलं, तिला पाठवा. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ''तिच्या घरी कळलं तर नांदवतील का तिला?''

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. शुभा फडके यांनी वैद्यकीय जनुकशास्त्र विभागात वर्षानुवर्षं काम केलं आणि माझ्यासारख्या साध्या डॉक्टरांसाठी 'जेनेटिक्स फॉर क्लिनिशियन्स' हे पुस्तकही लिहिलं. समुपदेशन म्हणजे माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही, हा त्या शास्त्राचा पाया. पण परभणीत माहिती एका माणसाची नसते. एकाच्या रक्तात सापडलेली गोष्ट चार घरांत, तीन तालुक्यांत पसरलेली असते, आणि ती पोचवायचा हक्क मात्र त्या एकाच माणसाचा. मी बहिणीला परस्पर फोन करू शकत नाही. करावासा वाटला, हेही सांगते.

आता पोटातल्या बाळाची तपासणी. तिचं सगळं गणित आठवड्यांचं आहे. अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधे सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात, सोबत आईच्या रक्ताची डबल मार्कर. ती वेळ हुकली तर पंधरा ते वीस आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर. अलीकडे आईच्या रक्तात फिरणाऱ्या वारेच्या डीएनएवरून करायची तपासणीही आहे. हे डीएनए आईच्या रक्तात सापडतं हे हाँगकाँगचे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. ही तपासणी डाउनसाठी फार नेमकी आहे आणि महागही आहे. पण या सगळ्या चाळण्या आहेत, त्या फक्त शंका सांगतात. खात्री करायची तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा किंवा साधारण सोळाव्या आठवड्याला गर्भजल, ज्याला आमच्या बाया 'पाणी काढणं' म्हणतात. त्यात गर्भ पडण्याचा धोका सराईत हातात हजारात एक ते पाच.

आमच्या जिल्ह्याचं पंचांग या आठवड्यांशी जुळत नाही. गंगाखेड, सोनपेठकडची जोडपी दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातला अर्धा कोयता दवाखान्यात बसून कसा चालेल? आश्विनात जिची पाळी चुकली, तिचे अकरा ते चौदा आठवडे मार्गशीर्ष-पौषात, कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात भरतात. ती चैत्रात परत येते तेव्हा सातवा-आठवा महिना लागलेला असतो. तोपर्यंत मी फक्त बघू शकते.

दुसरी अडचण आम्ही डॉक्टरांनीच करून ठेवली. गर्भजल काढायची ही पद्धत १९७० च्या दशकात भारतात आली ती दोष शोधायला. वापरली गेली मुली शोधायला. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा, त्यात २००३ मध्ये दुरुस्ती. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७ भरल्या, आणि २०१२ मध्ये परळीतल्या बेकायदा गर्भपातांचं प्रकरण बाहेर आलं. परळी आमच्या गंगाखेडपासून काही दूर नाही. त्यानंतर सोनोग्राफीच्या मशीनवर जी करडी नजर आली ती योग्यच होती. मी त्याबद्दल तक्रार करणाऱ्यांतली नाही. मात्र तिचा एक परिणाम असा झाला की 'गर्भजल' म्हटलं की बाई दचकते, घरच्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते, आणि कित्येक डॉक्टर विषयच काढत नाहीत. कायद्याने मुभा आहे: पस्तिशी ओलांडलेली आई, दोन किंवा अधिक गर्भपात, घरात असा दोष. एफ फॉर्म भरायचा, जी फॉर्मवर बाईची तिला कळणाऱ्या भाषेत संमती घ्यायची. अहवालात बावीस जोड्या छापून येतात, तेविसावी झाकलेली असते. ''ती झाकली ती कशाची म्याडम?'' हे मला अहवाल नॉर्मल असला की हमखास विचारलं जातं. नॉर्मल आहे, एवढंच मी सांगते.

आणि दोष निघाला तर? मुंबईच्या एका जोडप्याला २००८ मध्ये पोटातल्या बाळाच्या हृदयात मोठा दोष असल्याचं कळलं तेव्हा वीस आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटून गेली होती. त्यांच्यासोबत डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आता ठरावीक कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात मोठा दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. पूर्वी सोळाव्या आठवड्याला पाणी काढून दोन-तीन आठवड्यांनी अहवाल आला की विचार करायला जोडप्याला चार दिवस उरायचे. चार दिवसांत बाई फक्त सासऱ्याचं ऐकू शकते.

सगळे गर्भपातच निवडतात असं नाही. अहवाल हातात घेऊन 'राहू द्या' म्हणणारेही मी पाहिलेत, आणि त्यांना मी शहाणं किंवा वेडं ठरवत नाही. खुद्द लेजून आपल्या शोधाचा वापर गर्भ काढून टाकण्यासाठी होतो म्हणून आयुष्यभर अस्वस्थ होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, हृदयाच्या शस्त्रक्रियेला त्यातून मदत मिळते, थायरॉइड वेळच्या वेळी तपासला आणि बोलायला-चालायला लहानपणापासून शिकवलं तर ही मुलं बरंच काही करतात. सेलूकडचा एक मुलगा बापाच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाला नेमकी चहापत्तीची पुडी काढून देतो. हिशोब बाप करतो. पण हेही खरं, की आई-बाप गेल्यावर त्याला कोण बघणार हा प्रश्न त्या बापाने मला विचारलेला आहे.

मानवतच्या गृहस्थाला मी शेवटी एक पत्र लिहून दिलं. त्यात त्याचं नाव नाही, दोष कोणाचा ते नाही. एवढंच, की हे पत्र आणणाऱ्या स्त्रीच्या माहेरच्या कुटुंबात १४ आणि २१ ही गुणसूत्रं जोडलेली आढळली आहेत. तिची गुणसूत्रं तपासावीत, आणि दिवस गेले असतील तर अकराव्या आठवड्याच्या आत तज्ज्ञाकडे पाठवावं. मग असा अहवाल येणाऱ्या प्रत्येक घराला मी असं पत्र देऊ लागले आणि सांगू लागले, की रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, लेकीला द्यायला विसरू नका. मानवतचा गृहस्थ त्याचं पत्र घेऊन गेला. दिवाळी गेली, पंचमी गेली. तिसऱ्यांदा दिवस गेल्यावर बहीण आली, आठवा आठवडा, पत्राच्या घड्या झिजलेल्या.

तिने पहिला प्रश्न विचारला तो बाळाबद्दल नव्हता. ''ह्याच्यावर सही कुणाकुणाची लागती?'' जी फॉर्मवर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. तिचा अहवाल काय आला ते मी इथे लिहीत नाही. तो तिचा आहे.